दादरमधील गृहश्रम व चित्रपटाचे यंत्रतंत्र

आपल्या चित्रपटाचा आरंभ सामान्यतः ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेथून मानला जातो. यंत्रतंत्राच्या दृष्टीने मात्र तो दादरच्या एका घरात शोधावा लागतो. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी विलायतेहून छायायंत्र व छिद्रयंत्र आणविले. कच्ची फीत छिद्रांवाचून येई. सरस्वतीबाई अंधारात बसून तिला छिद्रे पाडीत. ३५ मिलिमीटर फितीच्या प्रत्येक चौकटीस दोन्ही कडांना चार-चार छिद्रे लागतात. त्यांचे अंतर चुकल्यास पडद्यावरील चित्र थरथरते. जुना घरगुती प्रक्षेपक स्वहस्ते दुरुस्त करणाऱ्यासही हेच तपासावे लागते : फीत ओढणारा आकडा छिद्रात नेमका बसतो काय? सबब चित्रपटाच्या इतिहासात निर्मात्याच्या नावाशेजारी या गृहश्रमाची नोंद होणे अगत्याचे आहे.