फिरत्या तबकाची कुळकथा

बड्या शहरातल्या उंची चिनी रेस्तराँत दहा-बारा जणांच्या गोल टेबलावर मधोमध काचेचं मोठं तबक फिरत असतं. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवायचं, पहिला मान मुख्य पाहुण्याचा, कोणी वाढून घेत असेल तर तबकाला हात लावायचा नाही, असे संकेतही ठरलेले. हा थाट पाहून ही बादशाही काळातली रीत असावी, असं वाटतं. पण चिनी जेवणातलं हे तबक जेमतेम शंभर वर्षांचं आहे आणि त्याचा पुरस्कार केला तो साथीच्या रोगांशी झुंजलेल्या एका डॉक्टरनं.

१९१० च्या अखेरीस ईशान्य चीनमधल्या मांचुरियात प्लेग पसरला. पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-ते तिथल्या हार्बिन शहरात पोहोचले. मुंबईतल्या १८९६ च्या साथीपासून प्लेग म्हटलं की उंदीर आणि पिसवा आठवत. वू यांनी मात्र शवविच्छेदन करून सांगितलं, की हा प्लेग फुप्फुसाचा आहे, श्वासावाटे पसरतो. त्यांनी गॉज-कापसाच्या मास्कचा आग्रह धरला. मास्क न लावता रुग्ण तपासणारे फ्रेंच डॉक्टर मेनी काही दिवसांतच दगावले. सुमारे ६०,००० बळी घेऊन १९११ मध्ये साथ ओसरली.

मग वू यांचं लक्ष जेवणाच्या टेबलाकडे गेलं. क्षयाचं थैमान चालू होतं आणि मधल्या वाडग्यांत सगळ्यांच्या जेवणाच्या काड्या (चॉपस्टिक्स) बुडत होत्या. आपल्याकडच्या एखाद्या आजीनं ‘उष्टं’ म्हणून ते वाडगं दूर सारलं असतं. चीनमध्येही पूर्वी चटईवर बसून ज्याचं त्याचं वेगळं जेवण असे. उंच टेबलं-खुर्च्या आल्या, तसं सामाईक जेवण रुळलं. ही सवय मोडणार नाही, हे ओळखून वू यांनी १९१५ मध्ये तोडगा सुचवला: टेबलाच्या मध्यावर फिरणारं लाकडी तबक आणि त्यावरच्या प्रत्येक पदार्थात वाढायचा वेगळा चमचा.

तबकाचं नशीब उघडलं ते सॅन फ्रान्सिस्कोत. १९५३ मध्ये तिथल्या चायनाटाउनमध्ये जॉनी कान यांनी झोकदार रेस्तराँ काढलं. सोया सॉसच्या धंद्यातले त्यांचे स्नेही जॉर्ज हॉल यांनी लाकडी चकतीखाली बॉल बेअरिंग बसवून फिरतं टेबल तयार केलं. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगच्या मेजवानीला बसले, तेव्हा टीव्हीवर अमेरिकेनं असंच फिरतं तबक पाहिलं.

या प्रवासात वू यांचा चमचा मात्र मागे पडला. तबकामुळे हात लांब करावा लागत नाही, म्हणून ते सगळ्यांना आवडलं. वेगळ्या चमच्यात परकेपणा वाटे, आपुलकी उणावल्यासारखी वाटे. २०२० मध्ये कोरोना आला आणि वाढायला वेगळ्या काड्या वापरा, म्हणून चिनी शहरांना मोहिमा काढाव्या लागल्या. उंची रेस्तराँत आता अनेक ठिकाणी प्रत्येकापुढे काड्यांचे दोन जोड मांडतात, एक वाढून घ्यायला आणि दुसरा खायला. वू यांची उरलेली अर्धी शिफारस अशी शतकभर उशिरानं टेबलावर आली.