जाकीट कुणाचं?

मंडळी, आज एक साधा प्रश्न. बंद गळ्याच्या, बिनबाह्यांच्या बंडीला आपण 'नेहरू जाकीट' म्हणतो. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याच बंडीला 'मोदी जाकीट' म्हणायला लागलो. घालणारे दोघं साऱ्या जगाला माहीत. आता सांगा, ते जाकीट शिवणाऱ्याचं नाव काय?

नाही ना आठवत? मलाही नाही. कपड्याला नाव मिळतं ते घालणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं. शिवणाऱ्याचं क्वचितच. मग एखादी मुलगी स्वतः डिझाइन केलेली, हाताने शिवलेली जाकिटं बॅगेत भरून आज पुण्याला, उद्या काळाघोड्याला, परवा बंगलोरला जाते, तेव्हा ती नेमकं काय करत असते? हौस? "जॉब सोडून पॅशन फॉलो करतेय"? माझ्या मते ती एक फार जुना हिशेब मिटवायचा प्रयत्न करत असते. तो हिशेब समजून घ्यायला लांब जायला नको. कर्जत लोकल पकडायची. कल्याण सुटलं की पहिलं स्टेशन, विठ्ठलवाडी.

कल्याण पूर्वेचं टोक आणि उल्हासनगरचे कॅम्प इथे एकमेकांना भिडतात. पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. पण सुरुवात करू ती स्टेशनच्या नावातल्या विठ्ठलापासून, कारण त्याचा एक लाडका भक्त जातीने आणि धंद्याने शिंपी होता. संत नामदेव, काळ साधारण १२७० ते १३५०.

नामदेवांची एक गोष्ट लहानपणी ऐकली असेल. वडिलांनी कापड देऊन बाजारात विकायला पाठवलं. हा गेला, भजनात रंगला आणि शेवटी एका धोंड्यालाच माल उधार देऊन आला! :) गिऱ्हाईक धोंडोबा, वसुली कधी कोण जाणे. पुढे चमत्कार वगैरे आहे, तो बाजूला ठेवू. मला त्या गोष्टीत एक फिरता विक्रेता दिसतो. माल घरचा, पाय आपले, उधारीची धास्ती आपली. आजही प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या कुणालाही विचारा, धोंडोबा प्रत्येक गावात भेटतो. "माल ठेवून जा, विकला की पैसे देतो" म्हणणारा.

पण नामदेवांनी दुसरी एक गोष्ट केली. ते फिरत फिरत थेट पंजाबात गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानमध्ये त्यांचं स्थान आहे. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच झालं होतं. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. एका पदात तर गज, कात्री, सुई-दोरा सगळं दुकान मांडलंय. आणि संतांच्या रीतीप्रमाणे पदाच्या शेवटी नाममुद्रा, म्हणजे रचणाऱ्याचं नाव. पद कुणीही गावो, कुठेही गावो, नाव सोबत जातं. नाममुद्रा काढली तर पदाची वीणच उसवते. आपल्या शिंप्याने शिवलेल्या कपड्याला असं नाव नव्हतं, रचलेल्या पदाला मात्र होतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता सिंधमध्ये जाऊ. म्हणाल, मध्येच सिंध कुठून आलं? उल्हासनगरच्या इतिहासाचं मूळ गाव तेच, म्हणून.

१८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला. हैदराबादचे (सिंधमधल्या, आपल्या चारमिनारच्या नव्हे) काही व्यापारी तिथल्या कारागिरांच्या वस्तू घेऊन मुंबईला आले आणि गोऱ्या साहेबांना विकू लागले. भरतकाम, लाखेचं काम, मातीची भांडी. या मालाला नाव पडलं 'सिंध वर्क' आणि विकणाऱ्यांना 'सिंधवर्की'. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि ही मंडळी आगबोटीबरोबर जगभर पसरली. इजिप्तपासून जपानपर्यंत आणि पार पनामापर्यंत. क्लॉद मार्कोविट्स या इतिहासकाराने त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

त्यात गंमत बघा. दुकानावर पाटी पेढीच्या मालकाची. मालाचं नाव प्रांताचं. टाके घालणारा सिंधमध्येच. कैरोच्या बाजारात त्याचं कापड किती किमतीला गेलं हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. फिरला तो व्यापारी. म्हणून गिऱ्हाईक त्याचं, भाव त्याचा आणि नावही त्याचंच.

मग आली फाळणी. जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर सिंधी हिंदू मोठ्या संख्येने बोटींनी मुंबईला आले. त्यातल्या सुमारे लाखभर लोकांना कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या लष्करी छावणीत ठेवलं. पाच कॅम्प, लांबच लांब बरॅकी, मध्ये पडदे लावून संसार. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या गावाची कोनशिला बसवली. नाव उल्हासनगर. पण आजही लोक पत्ता सांगतात तो "कॅम्प तीन", "कॅम्प पाच" असाच.

आणि इथे, निदान थोड्या वर्षांपुरती, एक वेगळीच गोष्ट घडली. पेढी गेली, गुमास्ते गेले, भांडवल गेलं. बनवणारा आणि विकणारा एकाच खोलीत आले. बऱ्याचदा तो एकच माणूस होता किंवा एकच कुटुंब होतं. बाई बरॅकीत पापड लाटतेय नाहीतर मशीनवर बसलीय, मुलगा तोच माल गाठोड्यात बांधून लोकलमध्ये विकतोय. गिऱ्हाईक काय म्हणालं ते संध्याकाळी घरी पोचायचं. "बाह्या आखूड आहेत", "हा रंग नको". आपल्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूप एका दिवसाचा! दुसऱ्या दिवशी सुधारलेला माल पुन्हा गाडीत. आजच्या स्वतंत्र डिझायनरचे आजी-आजोबा शोधायचे तर मी पॅरिसला न जाता या लोकलमध्ये शोधीन.

पुढे धंदा वाढला. गजानन मार्केट, जपानी बाजार वगैरे कपड्यांचे बाजार उभे राहिले आणि घाऊक गिऱ्हाईक आपल्या पायाने कॅम्पात यायला लागलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तुम्ही ऐकलाच असेल. विनोद विनोदाच्या जागी, पण त्यात एक कडवट गोष्ट लपलीय. माल उत्तम नक्कल करण्याइतका चांगला होता आणि तरी स्वतःचं नाव लावून खपेल असा भरवसा नव्हता.

मग आलं जीन्सचं पर्व, मुख्यतः कॅम्प पाचच्या बाजूला. आणि त्याबरोबर आलं 'जॉबवर्क'. कापड पार्टीचं, पॅटर्न पार्टीचा, लेबल पार्टीचं. आपण फक्त शिवून द्यायचं, पीसप्रमाणे पैसे. कटिंग मास्टर एकावर एक थर लावून एकदम कापतो. मग एक जण फक्त खिसे लावतो, एक जण फक्त चेन, एक जण काज-बटण. मशीनवर बसणारेही बदलत गेले. आता त्यात उत्तरेकडून आलेले कारागीर खूप. पूर्ण कपडा 'माझा' असं म्हणणारा त्या साखळीत कुणी उरत नाही.

हे उल्हासनगरचंच दुखणं आहे असं मात्र नाही. जीन्सचा जन्मच असा झालाय. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रिनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, मूळचा रिगाचा, तोही स्थलांतरित. १८७१ च्या सुमारास एका लाकूडतोड्याच्या बायकोने नवऱ्यासाठी फाटणार नाही अशी पँट मागितली. याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. पँट तुफान चालली. पेटंट घ्यायचं तर खर्च ६८ डॉलर, तेवढे सुटे नव्हते. म्हणून त्याने ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या व्यापाऱ्याला पत्र लिहून भागीदारी मागितली. २० मे १८७३ ला पेटंट मिळालं. व्यापाऱ्याचं नाव लिव्हाय स्ट्रॉस. पुढचं सांगायला नको. कल्पना शिंप्याची, लेबल कापडवाल्याचं. शिंपी त्यांच्याच कारखान्यात देखरेखीला राहिला.

आणखी एक. 'डंगरी' हा इंग्रजी शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून गेलाय. तिथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचं ते नाव. म्हणजे कामकऱ्यांच्या कपड्याला गावाचं नाव मिळालं, विणकराचं तेव्हाही नाहीच.

जॉबवर्कचा हिशेब फक्त नावापुरता नसतो. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून तिला ब्लीच, एन्झाइम, पोटॅशियम परमँगनेट अशा रसायनांत धुतात. ते पाणी गेलं वालधुनीत. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगर-विठ्ठलवाडी करत कल्याणला उल्हास नदीला मिळते. प्रकरण राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि गेल्या दशकात इथल्या जीन्स धुणाऱ्या कारखान्यांवर बंदी आली. कारवाई व्हायलाच हवी होती. पण बघा, कारखानदार गेला, कामगाराची रोजी गेली, नदीचा रंग गेला. ज्यांचं लेबल होतं त्यांनी ऑर्डर दुसऱ्या गावाला दिली की झालं!

वाचताना काही ओळखीचं वाटतंय का? स्पेसिफिकेशन क्लायंटचं, डेडलाइन क्लायंटची, प्रॉडक्टवर नाव क्लायंटचं. आपण तासावर बिल लावायचं. आपल्यापैकी कितीतरी जण एसी ऑफिसात बसून जॉबवर्कच करतो. फरक एवढाच की आपल्याला दर बरा मिळतो आणि गळ्यात आयकार्ड असतं. क्लायंटने उद्या काम दुसऱ्या देशात हलवलं तर आपली अवस्था कॅम्प पाचपेक्षा फार वेगळी नसेल.

आता त्या फिरणाऱ्या मुलीकडे परत येऊ. तिचा हिशेब मांडतो. आकडे फक्त समजण्यापुरते घेतलेत. समजा खणाचं एक जाकीट ती ३००० रुपयांना विकते. कापड आणि अस्तर ९००, शिलाई ६००, बटणं-पॅकिंग १००. खर्च १६००, उरले १४००. तीन दिवसांच्या प्रदर्शनाचं स्टॉलभाडं १५०००, प्रवास-मुक्काम ६०००. म्हणजे पहिली १५ जाकिटं गेली ती फक्त भाडं आणि तिकिटं भरण्यात! सोळाव्यापासून कमाई. मग दुकानात का नाही ठेवत? कारण समजा दुकानदाराने निम्मी किंमत कापली, तर तिच्या हातात १५००. पीसमागे १०० रुपये तोटा. म्हणून ती फिरते. शिवाय शिलाईचे ६०० ही तिच्या शिवणाऱ्याची खरी मजुरी असेल तरच या सगळ्याला अर्थ. तिथे कापाकापी केली तर ती पण छोटी 'पार्टी'च झाली.

बरं, कायदा तरी तिच्या बाजूने आहे का? थोडासा. आपल्या कॉपीराइट कायद्याचं (१९५७) कलम १५ सांगतं की नोंदणी करता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नसेल आणि औद्योगिक पद्धतीने त्याच्या ५० पेक्षा जास्त प्रती काढल्या, तर कॉपीराइट संपला. २०१६ मध्ये रितिका विरुद्ध बिबा या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सांगितलं, आणि तो दावा तर 'रितू कुमार'सारख्या नावाजलेल्या लेबलचा होता. म्हणून पन्नासच्या पुढे जाण्याआधी, आणि खरं तर माल बाजारात आणण्याआधीच, डिझाइन्स ॲक्ट २००० खाली नोंदणी केलेली बरी. दहा वर्षं संरक्षण, पुढे पाच वाढवून मिळतात. ओळखीत कुणी या धंद्यात असेल तर हा परिच्छेद नक्की फॉरवर्ड करा.

आपल्याकडे गिट असतं. कोडच्या कुठल्याही ओळीवर 'ब्लेम' चालवलं की लिहिणाऱ्याचं नाव येतं. जाकिटावर तशी कमांड चालत नाही. तिथे एकच उपाय, विचारायचं. पुढच्या वेळी स्टॉलवर "थोडं कमी करा ना" म्हणायच्या आधी "हे शिवलं कुणी?" असं विचारा. नाव पटकन सांगता आलं तर बहुतेक वेळा किंमतही खरी असते.

आणि हो, नाममुद्रेचं राहिलंच. सिंधी हिंदूंमध्ये गुरु नानकांना मानणारे खूप, त्यांच्या दरबारांत गुरु ग्रंथसाहिब ठेवायची जुनी परंपरा. फाळणीनंतर तीही त्यांच्याबरोबर आली. म्हणजे पंढरपूरच्या शिंप्याची पदं पंजाबात गेली, तिथून सिंधमध्ये, आणि १९४८ च्या सुमारास निर्वासितांच्या बोटीतून पुन्हा महाराष्ट्रात, विठ्ठलवाडीच्या शेजारच्या बरॅकीत येऊन पोचली. सहाशे वर्षं, एवढा प्रवास, इतके हात बदलले. शिंप्याचं नाव जागच्या जागी होतं.