गाडीच्या भावात घासाघीस कधी सुरू झाली

नवी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दोन-तीन शोरूम फिरा, महिनाअखेरीस जा, गाडी आवडल्याचे चेहऱ्यावर दिसू देऊ नका, एका डीलरचे कोटेशन दुसऱ्याला दाखवा. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. पण या सगळ्यांच्या मुळाशी एक समजूत असते, की स्वस्तात मिळालेली गाडी ही गिऱ्हाइकाच्या चतुराईची कमाई. भारतातल्या मोटारविक्रीचा स्वातंत्र्यानंतरचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. नव्या मोटारीच्या किमतीत घासाघीस करण्याची आपल्याकडची रीत जेमतेम पंचवीस-तीस वर्षांची आहे. त्याआधीच्या दोन पिढ्या भाजी, कापड, बैल, जमीन अशा सगळ्या व्यवहारांत भाव करण्यात तरबेज होत्या, आणि तीच माणसे मोटारीच्या दुकानात मात्र मुकाट्याने पैसे मोजत होती. दोन पिढ्यांचे भावाचे कसब एका दुकानाच्या दारात संपते, याचे कारण माणसांच्या स्वभावात सापडणार नाही. ते कारखान्याच्या उत्पादनात शोधावे लागते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मुंबईत मोटारींचा तोटा नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती, फोर्डही मुंबईत होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या आणि नंतर फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकात सरकारने धोरण ठरवले की ज्या कंपन्या सुटे भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतील त्यांनीच इथे राहावे. नुसती जुळणी करणाऱ्या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. १९५१ च्या उद्योग कायद्याने किती गाड्या बनवायच्या हेही परवान्यावर लिहून मिळू लागले. खासगी गिऱ्हाइकासाठी मग व्यवहारात तीनच पर्याय उरले: कुर्ल्याची फियाट, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर आणि मद्रासची स्टँडर्ड. ऐंशीच्या दशकाच्या तोंडावरही देशात वर्षाला तीस-चाळीस हजारच मोटारी तयार होत होत्या.

टंचाई आली तसे वाटपाचे नियमही आले. मोटारींचे वितरण आणि विक्री यांवर नियंत्रण ठेवणारा आदेश १९५९ मध्ये निघाला. गाडी हवी असेल त्याने डीलरकडे नाव नोंदवायचे, अनामत रक्कम पोस्टाच्या बचत खात्यात भरायची आणि ते पासबुक तारण म्हणून डीलरच्या स्वाधीन करायचे. डीलरने नोंदवहीतल्या क्रमानेच गाडी द्यायची. शिवाय सरकारी कोटा वेगळा. मिळालेली गाडी दोन वर्षांच्या आत परवानगीवाचून विकायची नाही. नंबर लागायला वर्षांमागून वर्षे जात. रंग कोणता, सीटकव्हर कसले, डिलिव्हरी दसऱ्याला की पाडव्याला, हे विचारण्याची सोयच नव्हती. ज्या दिवशी डीलरचे पत्र येई तोच मुहूर्त. अशा दुकानात “काही कमी होईल का” असे विचारणारा माणूस फार तर रांगेतला आपला नंबर धोक्यात घालत होता.

या व्यवस्थेच्या बाजूने एक भक्कम मुद्दा मांडला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. किंमत कारखानदारावर सोपवली असती, तर तीन कंपन्यांनी गिऱ्हाइकाला लुटले असते. म्हणून सरकारने किमतीवर लगाम ठेवला, १९६९ मध्ये तर कायद्याचा आधार घेऊन दर ठरवून दिले. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, मोटारींच्या किमतींची चौकशी करायला आयोग नेमला गेला आणि उत्पादनखर्च, वाजवी नफा, गाडीचा दर्जा यांवर तपशीलवार वाद झाला. हेतू गिऱ्हाइकाच्या भल्याचा होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण भाव बांधून दिला म्हणजे घासाघीस संपत नाही, ती दुसरीकडे जाऊन बसते. बांधलेल्या भावाच्या वर जी रक्कम हातोहात द्यायची तिला मुंबईत ‘ऑन’ म्हणत. पुढे जागांच्या व्यवहारात हाच शब्द घरोघरी पोहोचला. ज्याचा नंबर लागला तो गाडी स्वतःच्या नावावर घेई आणि ऑन घेऊन दुसऱ्याच्या हवाली करी. दोन वर्षांची अट कागदावर पाळली जाई. वर्ष-दीड वर्ष वापरलेली फियाट नव्या फियाटपेक्षा महाग, हा त्या काळातला रोजचा अनुभव होता. म्हणजे भाव होत होताच, फक्त तो डीलरशी न होता रांगेत पुढे असलेल्या माणसाशी होत होता, आणि तो वरच्या दिशेने होत होता. बांधील किमतीतून गिऱ्हाइकाचे जे पैसे वाचायचे होते ते गिऱ्हाइकाकडे राहिले नाहीत आणि कारखान्याकडेही गेले नाहीत. कारखान्याकडे गेले असते तर निदान नवी यंत्रे तरी आली असती. परदेशी वकिलातींतल्या जुन्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत निविदा मागवून विकल्या जात, आणि तिथे लोक कोणती रक्कम मोजायला तयार आहेत हे सरकारला आपल्याच कागदांवर वाचायला मिळत होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देशाकडे परकीय चलन नव्हते, धान्य आयात करावे लागत होते. अशा वेळी मूठभर लोकांच्या मोटारींवर चलन का उधळावे? साठीच्या दशकापुरता हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण फियाट आणि ॲम्बॅसिडर यांचे बहुतेक भाग पुढे देशातच बनू लागले, तरीही परवान्यावरचे आकडे आणि नव्या उत्पादकांना बंद असलेले दार तसेच राहिले. शिवाय रांग चारचाकीपुरती होती असेही नाही. आकुर्डीची बजाज स्कूटर ही मध्यमवर्गाची गाडी, ती पेट्रोल कमी पिणारी आणि इथेच बनणारी; तिच्यासाठीही लोक वर्षानुवर्षे थांबत आणि तिच्यावरही ऑन चालत असे. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर स्कूटर रांगेबाहेर मिळे. गरजू कोण, हे ठरवण्याचा तो निकष कुणालाच न्याय्य वाटला नसता.

मारुतीने हे चित्र पालटले असे सर्रास लिहिले जाते, आणि गाडीच्या दर्जापुरते ते खरेही आहे. भावापुरते मात्र पहिली काही वर्षे काहीच पालटले नाही. १९८३ च्या एप्रिलमध्ये नोंदणी खुली झाली. दहा हजार रुपये भरून नाव नोंदवायचे होते, आणि दोन महिन्यांत सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी ते भरले. साऱ्या देशाच्या तीनएक वर्षांच्या मोटारींइतकी ही मागणी होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली ती सोडतीत नाव निघालेल्या गिऱ्हाइकाला. पन्नास हजारांच्या आत मिळणाऱ्या या गाडीवरही लगेच ऑन सुरू झाला. गाडी उत्तम, कंपनी सरकारी, तंत्रज्ञान जपानी. तरीही गिऱ्हाइकाची जागा रांगेतच राहिली, कारण गाड्यांपेक्षा माणसे जास्त होती.

माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या त्या १९९३ नंतर. त्या वर्षी मोटारउद्योग परवान्यातून मुक्त झाला. १९९५ ला देवूची सिएलो आली, पाठोपाठ फोर्ड आणि ओपेलच्या गाड्या आल्या, आणि परदेशी कंपन्यांनी मध्यमवर्गाच्या खिशाचा अंदाज चुकवल्याने महागड्या गाड्या गोदामांत पडून राहिल्या. सिएलोची किंमत उतरवण्याची पाळी कंपनीवर आली. खरी उलथापालथ १९९८ ची. सँट्रो, मॅटिझ आणि वर्षाच्या शेवटी टाटांची इंडिका अशा तीन छोट्या गाड्या एका वर्षात उतरल्या, आणि ज्या मारुतीसाठी लोक सोडतीची वाट पाहत होते त्या मारुतीने त्याच डिसेंबरात आपल्या गाड्यांच्या किमती कमी केल्या. तोवर बँकाही कर्ज घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. डीलरच्या आवारात उभी असलेली प्रत्येक गाडी आता त्याच्या डोक्यावर व्याज चढवत होती. गिऱ्हाइकाच्या हाती भाव करण्याची ताकद आली ती या व्याजातून.

तेव्हापासून घासाघिशीला जो आकार आला तो कोटेशनच्या कागदावर आजही दिसतो. वरची ओळ एक्स-शोरूम किमतीची. ती कंपनीची, तिला सहसा धक्का लागत नाही. तिच्याखाली आरटीओचा कर, विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, ॲक्सेसरीज, फास्टॅग आणि अनेकदा हँडलिंग चार्ज. कर सोडला तर खालच्या बहुतेक ओळी हलवता येतात. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही, आणि हँडलिंगची रक्कम तर कोणत्या कामाची हे विचारताच पुष्कळदा गळून पडते. जुन्या गाडीचा एक्सचेंज बोनस, कॉर्पोरेट सूट, डिसेंबरात उरलेल्या सरत्या वर्षाच्या गाड्यांवरची सवलत, हे सगळे त्या काळातले.

इथे कुणी म्हणेल, एकाच दिवशी, एकाच शोरूममध्ये दोघांना दोन भाव मिळतात, मग कसबाला किंमत नाही कशी? किंमत आहे, पण आवारातल्या साठ्याने जेवढी जागा ठेवली असेल तेवढ्यातच. ताजा पुरावा अगदी जवळचा आहे. करोनानंतर चिप मिळेनाशा झाल्या आणि उत्पादन अडले. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० च्या २५ हजार गाड्या ५७ मिनिटांत नोंदल्या गेल्या; ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनच्या १ लाख गाड्यांना अर्धा तास पुरला. सूट नाहीशी झाली, रांग परतली, आणि पंचवीस वर्षे भाव करण्यात मुरलेली गिऱ्हाइके पुन्हा महिनोन्महिने थांबली. २०२४ च्या सप्टेंबरमधील विक्रीचे आकडे देताना वाहन-विक्रेत्यांच्या महासंघाने सांगितले की डीलरांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका, सुमारे ७९ हजार कोटी रुपयांचा साठा पडून आहे. त्यातच पितृपक्ष आला, खरेदी आणखी थंडावली, आणि सवलतींचा पाऊस पडला. मधल्या तीन वर्षांत गिऱ्हाइके बदलली नव्हती, डीलरही तेच होते.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे: भिडस्त माणसाला जास्त पैसे पडावेत आणि बोलक्याला कमी, हे अन्यायाचे, सर्वांना एकच किंमत असावी. यातली कळकळ मला पटते. प्रश्न असा, की ती एक किंमत ठरवणार कोण. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला, तो डीलरांच्या सवलतीवर मर्यादा घातल्याबद्दल. कंपनीने ठरवलेल्या ऑफरपेक्षा जास्त सूट द्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागे, आणि आयोगाच्या निष्कर्षानुसार गिऱ्हाईक बनून जाणारी माणसे शोरूममध्ये पाठवून डीलरांची परीक्षा घेतली जाई. जास्त सूट देताना सापडले तर डीलरला आणि त्याच्या कर्मचाऱ्यांनाही दंड होई. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केले. त्याआधी २०१७ मध्ये ह्युंदाईला झालेला ८७ कोटींचा अशाच स्वरूपाचा दंड अपिलात रद्दही झाला होता, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने वाद मिटलेला नाही. पण मारुतीच्या प्रकरणाची सुरुवात लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा या विभागातून आयोगाकडे एक निनावी ईमेल आला होता. तो लिहिणाऱ्याने स्वतःची ओळख डीलर अशी दिली होती, आणि गिऱ्हाइकाला जास्त सूट द्यायची मुभा नाही, ही त्याची तक्रार होती.