पोर्ट, पूल आणि नाकेबंदी

न्हावाशेव्याचं पोर्ट, लॅपटॉपच्या कडेचं यूएसबी पोर्ट आणि मोबाइलचा नंबर दुसऱ्या कंपनीत ‘पोर्ट’ करणं. मराठी माणूस हे तिन्ही दिवसभर बोलतो आणि तिन्हींत एकच शब्द आहे असं धरून चालतो. लॅटिनमध्ये मात्र ते तीन शब्द होते. ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर, ‘पोर्ता’ म्हणजे वेस किंवा दरवाजा आणि ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं. इंग्रजीत येईपर्यंत तिघांच्या शेपट्या झडल्या आणि सगळ्यांचं ‘पोर्ट’ झालं. एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट ही वाहून नेणाऱ्याची प्रजा, सीमकार्डवालं पोर्टही त्यातलंच. जहाजाच्या भिंतीतलं पोर्टहोल दरवाजाचं. आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’, जिच्या शोधात आपली मुलं परदेशी जातात, ती बंदराची: गलबताला बंदराकडे नेणारा अनुकूल वारा, हा तिचा मूळ अर्थ.

तिन्ही लॅटिन शब्दांच्या मुळाशी ‘पलीकडे जाणे’ या अर्थाचा एकच धातू आहे, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातला ‘पार’ त्याच कुळातला. खरी गंमत इराणात आहे. अवेस्ताच्या भाषेत ‘पेरेतु’ म्हणजे उतार, पूल. मेलेल्याच्या आत्म्याला ओलांडावा लागणारा चिन्वत पूल पारशी मंडळींना ठाऊक असतो, तो हाच ‘पेरेतु’. त्याचं झिजत झिजत फारसीत ‘पुल’ झालं आणि तिथून मराठीत ‘पूल’. म्हणजे पुण्याचा लकडी पूल आणि रोमन लोकांचं ‘पोर्तुस’ ही एका आजीची नातवंडं. ‘बंदर’ हा शब्दही आपण फारसीतूनच घेतला. पोर्टचा अर्थ एका फारसी शब्दात आला, नातं दुसऱ्यात.

आता संगणकाच्या जाळ्यातलं पोर्ट या तिघांतलं कोणतं? बंदर नव्हे. इंजिनात वाफ किंवा हवा आत-बाहेर जाण्याच्या भोकाला पोर्ट म्हणत, तो दरवाजाकडून आलेला अर्थ, आणि संगणकवाल्यांनी तोच उचलला. सुरुवातीला तर ‘सॉकेट’ हा शब्द चाले. इंटरनेटच्या पूर्वजाच्या, म्हणजे अर्पानेटच्या काळात जॉन पोस्टेल यांनी 1972 मध्ये जो प्रस्ताव मांडला, तो सॉकेटच्या ठरावीक आकड्यांचा होता. विंट सर्फ आणि बॉब कान यांच्या 1974 च्या प्रसिद्ध निबंधात ‘पोर्ट’ दिसतं आणि पुढे तेच रुजलं.

एका यंत्राचा पत्ता एकच, पण त्यावर कामं अनेक चालतात. कोणतं काम हवंय ते पोर्टच्या आकड्यावरून ठरतं. आकडा 16 बिटांचा, म्हणून 0 ते 65535. वेबपानांना 80, कुलूपबंद वेबपानांना 443, टपाल पाठवायला 25. जुन्या आकड्यांत टेलनेट 23, टपाल 25 असे विषम आकडे फार, कारण आधीच्या व्यवस्थेत येण्याला एक आणि जाण्याला एक अशी सम-विषम जोडी लागत असे. जोडी मोडली, आकडे राहिले. 1995 मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्यासाठी एसएसएच लिहिलं, तेव्हा त्यांना फाइली पाठवणाऱ्या एफटीपीच्या 21 आणि टेलनेटच्या 23 मधला 22 रिकामा दिसला. त्यांनी पत्र लिहून तो मागितला आणि मिळाला. आज सोसायटीत गाडीला जागा मिळवायलाही याहून जास्त खटपट पडते.

ब्राउझर मात्र यातल्या बऱ्याच दारांकडे फिरकायलाच नकार देतो. नवशिक्या प्रोग्रॅमरला हे फार विचित्र तऱ्हेनं कळतं. 3000 वर अॅप चालतं, 5000 वर चालतं, 8080 वर चालतं. एक दिवस तो हौसेनं 6000 घेतो. सर्व्हर बिनतक्रार सुरू होतो, पण क्रोममध्ये ‘लोकलहोस्ट’ पुढे कोलन देऊन 6000 लिहिलं की पान येत नाही. खाली बारीक अक्षरात ‘एरर अनसेफ पोर्ट’. फायरफॉक्स जरा सभ्यपणे सांगतो की हा पत्ता प्रतिबंधित आहे. बिचारा फायरवॉल तपासत बसतो. दोष एवढाच की 6000 हे पूर्वापार युनिक्सच्या एक्स विंडो व्यवस्थेचं दार आहे. 6665 ते 6669 ही आयआरसी गप्पांची, म्हणून 6666 हा गोंडस आकडाही वर्ज्य.

एवढं सोवळं कशाला? ऑगस्ट 2001 मध्ये योखेन टोप्फ यांनी एक युक्ती जगापुढे मांडली. तुम्ही ऑफिसात बसून एखादं वात्रट पान उघडता. त्या पानात लपलेला फॉर्म आपोआप भरला जातो, पण तो जातो ऑफिसच्या आतल्या टपाल-सर्व्हरच्या 25 क्रमांकाच्या दारी. ब्राउझर आपल्या वेबच्या भाषेत बोलू लागतो. टपाल-सर्व्हर पहिल्या चार-सहा ओळींना ‘ही आज्ञा कळली नाही’ म्हणतो, पण संभाषण तोडत नाही. मग फॉर्ममधला मजकूर येतो आणि त्यात ओळीनं टपालाच्या आज्ञा असतात: अमुककडून, तमुकला, हा मजकूर. त्या त्याला कळतात आणि तो इमानेइतबारे पत्र धाडतो. बाहेरच्या भामट्याला फायरवॉलनं अडवलं असतं, पण आतल्या माणसाच्या ब्राउझरवर कोण संशय घेणार? त्यावरचा उपाय म्हणून ब्राउझरांनी वर्ज्य दारांची यादी धरली. ती अजून वाढते. ऑक्टोबर 2020 च्या अखेरीस सॅमी कामकार यांनी घरच्या राउटरला फसवणारी एक चाल दाखवली आणि इंटरनेट-फोनची 5060, 5061 ही दारं लगेच यादीत गेली.

आता माझा आक्षेप. आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘ब्राउझरनं पोर्ट बंद केलं.’ केलेलं नाही. दार सताड उघडं असतं, दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमनं ठोठावलं तर ओ मिळते. ब्राउझर फक्त आपल्या माणसाला तिकडे जाऊ देत नाही. याला मराठीत चोख शब्द आहे: नाकेबंदी. पोलीस नाकेबंदी करतात तेव्हा गाव बंद होत नाही, रस्त्यावरचा माणूस अडवला जातो. ‘पोर्ट बंद’ म्हटलं की प्रोग्रॅमर सर्व्हर उलटापालटा करतो, ‘नाकेबंदी’ म्हटलं की तो ब्राउझरकडे बघेल.

ही नाकेबंदी क्रोममध्ये एक पर्याय देऊन आणि फायरफॉक्समध्ये एक सेटिंग बदलून उठवता येते. उठवू नका. आकडे 65535 पर्यंत आहेत, दुसरा घ्या.