न आलेला निरोप आणि कुमारिलभट्ट

मंडळी, आजचा विषय स्पॅनिंग ट्री. तत्त्वज्ञानाचा माणूस यावर काय बोलणार, असं वाटेल. पण गाडी शेवटी कुमारिलभट्टांपाशीच येणार आहे, तेव्हा जरा धीर धरा.

१९८५ साली राडिया पर्लमन यांनी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना ही रीत मांडली. तेव्हा स्विचला ब्रिज म्हणत. अडचण अशी, की एक तार तुटली तरी काम चालावं म्हणून जास्तीची तार टाकली, तर वर्तुळ तयार होतं. इथरनेटच्या फ्रेमवर तिचं आयुष्य मोजणारा आकडा नसतो. सर्वांसाठी निघालेली एकच फ्रेम फिरत राहते, तिच्या प्रती निघत राहतात, आणि बघता बघता नेटवर्क ठप्प. पर्लमनबाईंचा उपाय असा: ब्रिजांनी आपसात एक मूळ निवडायचं, तिथून झाड उभं करायचं, उरलेल्या वाटा अडवायच्या. शोधनिबंधात त्यांनी यावर चक्क कविताही घातली! १९९० मध्ये ८०२.१डी हे मानक आलं.

कागदावर हे सुरेख आहे. खरी कसोटी चिपमध्ये उतरवताना. फ्रेम पुढे ढकलते ती चिप. झाडाचा विचार करतो तो शेजारचा प्रोसेसर. लिनक्समध्ये ड्रायव्हर लिहिणारा प्रोसेसरचा निर्णय प्रत्येक पोर्टच्या रजिस्टरमध्ये उतरवतो. मार्व्हेलच्या अनेक चिपांत त्यासाठी दोनच बिट आहेत. मानकातल्या अवस्था पाच, दोन बिटांत मावतात चार. म्हणून ‘अडवलेला’ आणि ‘ऐकणारा’ एकाच खोलीत राहतात. चालतं ते, कारण दोघेही फ्रेम पुढे पाठवत नाहीत, पत्तेही शिकत नाहीत.

पण अडवलेलं पोर्ट म्हणजे बंद पोर्ट नव्हे, बरं का. दर दोन सेकंदांनी येणारे शेजाऱ्याचे निरोप चिपनं तिथूनही उचलून प्रोसेसरला दिलेच पाहिजेत. ड्रायव्हर इथे चुकला तर? वीस सेकंद निरोप नाही, की प्रोसेसर समजतो शेजारी गेला. मग पंधरा-पंधरा सेकंदांच्या दोन पायऱ्या चढून तो वाट उघडतो. शेजारी तर जिवंत आहे! वर्तुळ पूर्ण. नेटवर्क असं कोसळलं तर काय होतं, ते बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस रुग्णालयानं २००२ च्या नोव्हेंबरात पाहिलं. तिथे कारण वेगळं होतं, स्पॅनिंग ट्रीला न पेलणारं पसरलेलं जाळं. पण डॉक्टरांना काही दिवस कागदावर परतावं लागलं.

आता कुमारिल. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात: जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्याला अट आहे. घडा असता तर दिसला असता, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत न दिसण्यानं काहीच सिद्ध होत नाही. मूळ स्पॅनिंग ट्री ही अट तपासत नाही. आपले कान शाबूत आहेत का, हे ती विचारतच नाही. सिस्कोनं पुढे ‘लूप गार्ड’ आणला, तो नेमका इथे बोट ठेवतो: निरोप थांबले तर त्या पोर्टची वाट उघडायचीच नाही.

तार उपटून दुसरी वाट उघडते का, ही चाचणी सगळेच करतात. मी म्हणेन, आधी अडवलेल्या पोर्टवरून निरोप वर पोचतात का, ते बघा.