चाळिशी आणि नेम

वाचनाच्या चष्म्याला मराठी भाषेनें 'चाळिशी' असें नांव दिलें आहे. एखाद्या वस्तूला वयाचेंच नांव मिळावें, यांत पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव सांठलेला आहे. पोथी हळूहळू डोळ्यांपासून दूर जाऊं लागते, सुईंत दोरा ओवण्यासाठीं घरांतल्या मुलाला हांक मारावी लागते आणि मग एके दिवशीं चष्मेवाल्याच्या दुकानाची पायरी चढावी लागते. पोथी वाचणाराचें काम तेथें भागतें. परंतु ज्याच्या हातांत बंदूक आहे, त्याची अडचण निराळी. पोथी दूर धरतां येते. बंदुकीची नळी लांबवितां येत नाहीं. म्हणून सहजच वाटतें, कीं चाळिशी आली कीं नेम गेला.

इतिहासाची साक्ष मात्र याच्या उलट आहे. १९०८ सालच्या जुलै महिन्यांत लंडन ऑलिंपिकांतील रायफल नेमबाजीचे सामने बिझ्ली येथील मैदानावर झाले. त्यांत धांवत्या हरणाचा एक सामना होता. हरीण अर्थातच खरें नव्हतें. ११० यार्डांवरून हरणाच्या आकाराचें एक लक्ष्य २३ मीटरांचें अंतर ४ सेकंदांत ओलांडून जाई, आणि तेवढ्या अवधींत स्पर्धकानें एक गोळी झाडावयाची असे. अशा दहा फेऱ्या होत्या. ४० पैकीं २५ गुण मिळवून जो पहिला आला, तो स्वीडनचा ऑस्कर स्वान त्या वेळीं साठ वर्षांचा होता. चार वर्षांनीं स्टॉकहोम येथें आपल्या देशाच्या संघाबरोबर त्यानें पुन्हा सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां त्याचें वय ६४ होतें. आणि १९२० सालीं अँटवर्प येथें संघाबरोबर रौप्यपदक घेतलें, तेव्हां ७२. ऑलिंपिकच्या क्रीडास्पर्धांत इतक्या वयाचा पदकविजेता त्यानंतर झालेला नाहीं. वयाबरोबर नेम जात असेल, तर हें घडलें कसें? याचें उत्तर मिळण्यासाठीं वय डोळ्यांतून नेमकें काय काढून नेतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

साध्या बंदुकीवर नेम धरण्यासाठीं लोखंडाच्या दोन खुणा असतात. मागें, डोळ्याच्या बाजूला, एक खाच. आणि पुढें, नळीच्या तोंडाशीं, एक लहानसा उभा सुळका. या सुळक्याला आपल्याकडे 'माशी' म्हणतात. खाचेच्या मधोमध माशी आणि माशीच्या टोंकावर लक्ष्य, अशी तिघांची एक रेषा जुळली म्हणजे नेम जुळला. सांगावयास हें सोपें आहे. परंतु खाच हातभर अंतरावर, माशी दोन हातांवर आणि लक्ष्य शंभर यार्डांवर असतें, आणि मनुष्याच्या डोळ्याला एका वेळीं एकच अंतर स्पष्ट दिसतें. तरुण डोळा या तीन ठिकाणीं इतक्या चपळाईनें फेऱ्या घालतो, कीं आपण तिन्ही वस्तु एकदम पाहत आहों, असा त्याला भास होतो.

ही चपळाई कोठून येते, हें समजण्यास विद्वानांना फार काळ लागला. ख्रिस्तोफ शायनर या जेझुइट पंडितानें १६१९ सालच्या आपल्या ग्रंथांत कागदाच्या बारीक भोकांतून पाहण्याचे प्रयोग वर्णिले आणि डोळा निरनिराळ्या अंतरांसाठीं स्वतःमध्यें फेरफार करतो, हें दाखविलें. हा फेरफार डोळ्यांतील भिंगाचा आकार बदलल्यामुळें होतो, हें इंग्लंडच्या टॉमस यंगनें १८०१ सालीं स्वतःच्याच डोळ्यावर प्रयोग करून सांगितलें. पुढें हॉलंडांतील उट्रेख्टचे डॉक्टर डॉन्डर्स यांनीं १८६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, वयाबरोबर ही शक्ति कशी ओसरते, याचा हिशेब मांडला. चष्म्याचा नंबर ज्या मापानें सांगतात त्या मापानें बोलावयाचें, तर दहाव्या वर्षीं ही शक्ति सुमारें १४ असते, विसाव्या वर्षीं १०, चाळिसाव्या वर्षीं साडेचार आणि साठाव्या वर्षीं अवघी एक. डोळ्यांतील भिंग वर्षानुवर्षें ताठर होत जातें, हें त्याचें मुख्य कारण. म्हणजे ही उतरण बाळपणापासूनच चाललेली असते. चाळिशीला ती फक्त ध्यानांत येते.

ज्याची दूरची दृष्टि चांगली आहे, अशा मनुष्याला प्रथम खाच पुसट दिसूं लागते, मग माशी. लक्ष्य मात्र पूर्वींसारखेंच स्वच्छ दिसत राहतें, आणि नेमका तेथेंच तो फसतो. जें स्वच्छ दिसतें, त्याकडे डोळा ओढला जातो. द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज दुसरें कांहींच दिसत नव्हतें, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरीं सांगितली जाते. बंदुकीचा नियम मात्र याच्या अगदीं विरुद्ध आहे. दोन खुणांमध्यें अर्ध्या मीटरचें अंतर असेल आणि माशी खाचेंत केवळ एक मिलिमीटर बाजूला सरली असेल, तर शंभर मीटरांवर गोळी वीस सेंटिमीटर दूर जाते. उलट माशी खाचेंत बरोबर बसलेली असून तीं दोन्ही लक्ष्यावर पांच सेंटिमीटर ढळलीं, तर गोळीही पांचच सेंटिमीटर चुकते. म्हणून जाणता निशाणबाज लक्ष्य किंचित् पुसट होऊं देतो, पण माशीवरची नजर ढळूं देत नाहीं. वय हीच माशी हिरावून नेतें. आणि नेमबाजांनीं केलेले सारे उपाय ती परत मिळविण्याचे आहेत.

पहिला उपाय चष्म्याचा. परंतु पोथीची चाळिशी येथें चालत नाहीं. पुस्तक हातभराच्या आंत असतें, माशी त्याच्या दुपटीहून दूर. पुस्तकाचा चष्मा लावला, तर माशीही पुसट राहते आणि लक्ष्य पार धुक्यांत बुडतें. मीटरभर दूर असलेल्या माशीसाठीं, दूरच्या नंबरांत अधिक एकची भर घातली म्हणजे पुरतें. पुष्कळ जाणकार तर त्याच्याही निम्मी, म्हणजे अर्ध्याचीच भर घेतात. मग डोळा दोन मीटरांवर स्थिरावतो. माशी अलीकडे आणि लक्ष्य पलीकडे, दोन्ही सारखींच किंचित् मंद दिसतात, पण दोन्हींवर काम चालतें. दूरचें व जवळचें एकाच चौकटींत बसविणारा दुहेरी काचांचा चष्मा बेंजामिन फ्रँक्लिननें अठराव्या शतकांतच वापरला होता. पण तो बंदुकीला उपयोगी नाहीं. दस्त्याला गाल टेकला कीं मान पुढें झुकते आणि डोळा काचेच्या वरच्या, नाकाकडील कोपऱ्यांतून पाहूं लागतो. जवळची काच खालींच राहते.

दुसरा उपाय भोकाचा. जाड कागदाला सुईनें भोक पाडावें आणि चाळिशी न लावतां त्यांतून वर्तमानपत्र पाहावें. पुसट अक्षरें एकदम उठून दिसूं लागतात. प्रकाशाची जाड शलाका बारीक झाली, कीं भिंगाची चूकही तितकीच बारीक होते. मागची खाच काढून तिच्या जागीं, पण डोळ्याच्या पुष्कळ जवळ, असें भोक बसविलें, तर दुहेरी लाभ होतो. माशी आणि लक्ष्य दोन्ही रेखीव होतात. शिवाय भोकाकडे पाहावेंच लागत नाहीं, कारण डोळा आपण होऊन त्याचा मध्य शोधतो. तीन वस्तूंच्या दोनच उरतात.

१८७४ सालच्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथें आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांचा सामना ८००, ९०० आणि १००० यार्डांवर झाला, तेव्हां दोन्ही पक्षांच्या बंदुकांवर अशींच भोकें होतीं. अमेरिकेनें तो ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनीं जिंकला. हजार यार्डांपर्यंत नुसत्या भोकानें काय साधतें, हें त्यावरून दिसलें. पुढें १८७९ सालीं विल्यम लायमन या अमेरिकनानें पातळ कडेच्या मोठ्या भोकाचें पेटंट घेतलें, आणि शिकाऱ्यालाही झटपट नेम धरण्याची सोय झाली. लष्करांना हें पटण्यास अधिक वेळ लागला. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश व हिंदी पायदळाची मुख्य बंदूक असलेल्या ली-एनफील्ड रायफलीला खाचच होती. दुसऱ्या महायुद्धांतील तिच्या चौथ्या नमुन्याला भोक मिळालें. ईशापूरच्या कारखान्यांत बनणाऱ्या रायफली जुन्या नमुन्याच्याच राहिल्या, आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ती खाच पुढें अनेक वर्षें दिसत होती.

भोकाची किंमतही द्यावी लागते. त्यांतून प्रकाश कमी येतो, म्हणून संध्याकाळीं तें निरुपयोगी ठरतें. वयाबरोबर डोळ्याची बाहुलीही लहान होत जाते. निसर्गानें दिलेलें हें एक भोकच. भर उन्हांत तें म्हाताऱ्याला साह्य करतें आणि तिन्हीसांजेला दगा देतें.

आतां स्वानच्या हरणाकडे वळूं. चार सेकंदांत खाच, माशी आणि लक्ष्य आळीपाळीनें तपासण्यास तरुणालाही सवड नसते. बंदूक खांद्याला लागतांच खाच आणि माशी आपोआप एका रेषेंत आलीं पाहिजेत. हें काम डोळ्याचें कमी आणि गालाचें, खांद्याचें व मानेचें अधिक. गोळी पोंचेपर्यंत हरीण हातभराहून अधिक पुढें सरकलेलें असतें. तेवढें पुढें नेम धरण्याचा अंदाज आणि चाप नेमका केव्हां ओढावा याचा निर्णय, हीं दोन्ही वर्षानुवर्षांच्या सरावाचीं फळें आहेत. भिंगाच्या ताठरपणाचा त्यांच्याशीं संबंध नाहीं. अँटवर्पच्या संघांत स्वानबरोबर त्याचा मुलगा आल्फ्रेडही होता. बाप आणि मुलगा यांच्या डोळ्यांत तीस वर्षांहून अधिक अंतर. पदक मात्र एकच. १९२४ च्या ऑलिंपिकसाठींही स्वानची निवड झाली होती, पण आजारपणानें त्याला जातां आलें नाहीं. १९२७ सालीं तो वारला.

आज दुर्बीण बसविलेल्या बंदुकींत लक्ष्य आणि खूण एकाच पातळीवर दिसतात आणि हा सारा तंटाच मिटतो. तरीही ऑलिंपिकच्या रायफल-सामन्यांत दुर्बिणीला मज्जाव आहे. २०२४ सालीं पॅरिस येथें कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यानें पन्नास मीटरांच्या तीन पवित्र्यांच्या सामन्यांत कांस्यपदक मिळविलें, तें अशाच भोकांतून पाहून.

जुन्या मराठींत नेम धरण्याला 'शिस्त धरणें' म्हणत. तोच शब्द पुढें वळण आणि नियम या अर्थीं रूढ झाला. वय डोळ्यापासून तीन अंतरांवर एकदम धांवण्याची चपळाई काढून घेतें. एका अंतरावर नजर ठेवून बाकीचीं दोन अंगवळणीं पडलेल्या सवयीवर सोंपविण्याची शिस्त मात्र हातांत राहते, आणि बहात्तराव्या वर्षींही ती पुरी पडते.