सात घरांचे वार

एकोणिसाव्या शतकात कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला फीच्या आधी जेवणाची चिंता असे. समाजाने त्यावर दोन वाटा काढल्या होत्या. माधुकरीत झोळी घेऊन ठरलेल्या घरांच्या दारी उभं राहायचं आणि वाढतील ते शिजलेलं अन्न आणायचं. वार लावायचे तर आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटून घ्यायचे. एखाद्या घरची मंडळी गावाला गेली, की तो वार कोरडा जायचा. शास्त्र शिकणाऱ्या बटूसाठी असलेली ही सोय इंग्रजी शाळांतल्या मुलांनीही उचलली. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेव्हा तिथल्या मुलांचं पोटही माधुकरीवरच भरत होतं.

या हालांनीच माणसं घडली, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात आणि समाजसुधारक आगरकरांच्या दारिद्र्याचा दाखला देतात. मला हा निष्कर्ष मान्य नाही. जे तरले त्यांची चरित्रं झाली. अर्धपोटी राहून, नापास होऊन गावी परतलेल्यांची कुणी लिहिली नाहीत. शिवाय तरुण मुलगा नुसत्या भुकेने घडत नाही. अन्न कोणत्या नात्याने पानात पडतं, याचाही त्याच्या मनावर ठसा उमटतो. वार लावून जेवणाऱ्या मुलाला यजमानाची मर्जी राखावी लागे, त्याच्या घरची कामं करावी लागत, मान खाली घालून जेवावं लागे. स्वतःच्या ओढगस्तीतही परक्या मुलाला प्रेमाने वाढणाऱ्या बायका होत्या आणि त्यांचं ऋण मोठं आहे. पण ती माया नशिबाने मिळायची. आणि हे दार मुळात एकाच जातीला उघडं होतं. कुणब्याचा किंवा महाराचा मुलगा कितीही हुशार असला, तरी त्याने पुण्यात कुणाकडे वार लावायचे? मुलींचा तर प्रश्नच नव्हता. विधवांना शिकवायचं म्हणून धोंडो केशव कर्व्यांना १९०० साली हिंगण्याला वेगळी झोपडीच उभारावी लागली.

म्हणून खरा बदल कोल्हापुरात झाला, असं मी मानतो. शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ साली तिथे मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, अस्पृश्य अशा समाजांची निघाली. जातवार बोर्डिंगांनी जात घट्टच केली, हा आक्षेप खोटा नाही. तरीही पंगतीत कोण शेजारी बसणार यावरून आईबाप मुलाला घरी ठेवून घेत, त्या काळात आपल्या समाजाच्या बोर्डिंगात त्याला निदान पाठवत तरी होते. उणीव होतीच, आणि ती भरून काढणारा माणूसही कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहिलेलाच निघाला. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकच वसतिगृह सुरू केलं. तिथे अस्पृश्य मुलगा आणि मराठ्याचा मुलगा एकाच चुलीवरचं खाऊ लागले, आणि बोर्डिंगची कामंही मुलंच वाटून करत. बोर्डिंग चालावं म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

शिकायच्या वयात मुलांना राबवणं हा जुलूम नव्हे का, असं कुणी विचारेल. घरी राहिला असता तर तोच मुलगा औतामागे राबलाच असता, आणि त्याच्या वाट्याला पाटीही आली नसती. इथे त्याच्या घामाच्या बदल्यात शिक्षण मिळत होतं आणि जेवताना कुणाचे आभार मानायचे नव्हते. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच 'कमवा आणि शिका'च्या पायावर. शेतात खपून आलेली पोरं तिथे पदवीचा अभ्यास करू लागली.